शांत जागेचा पत्ता

माणसाच्या काही इच्छा अशा असतात की त्या एकट्यादुकट्याच्या मनात असेपर्यंत सहज पुऱ्या होतात. परंतु त्याच इच्छा एकाच वेळी पुष्कळांच्या मनात उत्पन्न झाल्या म्हणजे कोणाचीच पुरी होत नाही. डोंगरात जाऊन दोन रात्री स्वस्थपणे काढाव्या, ही इच्छा त्या जातीची आहे. ती वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. तिच्यात लोभ नाही, कोणाचे अनिष्टचिंतन नाही, आणि ती पुरी झाली असता मनुष्य थोडासा बरा होऊनच घरी परततो, असा आमचा अनुभव आहे. असे असूनही या निरुपद्रवी दिसणाऱ्या इच्छेने आम्हांस एका नैतिक अडचणीत टाकले, आणि ती अडचण वाचकांपुढे मांडल्यावाचून आमच्या मनाची रुखरुख जाईल असे दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आमच्या पुतण्याच्या घरी राहावयास गेलो होतो. पुतण्याने त्या वर्षी सतरा फूट लांबीचा एक ट्रेलर विकत घेतला होता. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यावयाचे चाकांवरचे घर. त्यात निजावयाच्या जागा, शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, आणि आत शिरल्यावर वळता येणार नाही एवढे न्हाणीघर असते. हा प्रकार तिकडे नवा नाही. मोटारी सामान्य माणसाच्या हाती आल्याबरोबर लोक तंबू बांधून बाहेर पडू लागले. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा येथे अशा मोटारप्रवाशांचा ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या विनोदी नावाचा एक संघही निघाला. आणि १९३० नंतरच्या दशकात कारखान्यांतून तयार ट्रेलर बाहेर पडू लागले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे ज्याला घरदार नाही त्याच्यासंबंधाने वापरतात. तिकडे घरदार असून वर असे बिऱ्हाड बाळगणे ही हौस झाली आहे. सामान चढविताना आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, “शांतता हवी म्हणून चाललो ना? मग एवढे सगळे कशाला?” पुतण्या म्हणाला, “काकू, लागतंच तिथं.” प्रश्न तेथेच मिटला असे त्या वेळी आम्हांस वाटले.

ऑक्टोबरात ब्लू रिज डोंगरावरील झाडे तांबडी-पिवळी होतात आणि ती पाहावयास वर्षातील सर्वांत मोठी गर्दी लोटते. शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातील मुक्कामाच्या जागा आधीच राखून ठेवलेल्या असल्यामुळे पहिली रात्र आम्हांस खाली दरीत, हमरस्त्यालगतच्या एका खासगी तळावर काढावी लागली. रांगेने लावलेले ट्रेलर, प्रत्येकाच्या पोटाला विजेची तार आणि पाण्याची नळी, छपराच्या कडेला रंगीत दिव्यांच्या माळा. पलीकडच्या एका भल्या मोठ्या गाडीपुढे उघड्यावर दूरदर्शनचा पडदा मांडून चेंडूचा कसलासा सामना चालला होता. त्या गाडीचा मालक मोठा अगत्यशील होता व त्याने आम्हांसही पाहावयास बोलाविले. रात्री हमरस्त्यावरील मालमोटारींची घरघर अखंड चालू होती. कोणीही आमच्याशी वाईट वागले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शांतता भंग करणारा मनुष्य दुष्टच असावा अशी एक समजूत असते. बहुधा तो आपल्यासारखाच सुटीवर आलेला सज्जन असतो.

शेजारच्या जागेत एक वृद्ध जोडपे होते. गाडीची काही दुरुस्ती करावयाची म्हणून ते नाइलाजाने तेथे थांबले होते. सकाळी कॉफीचा पेला हाती घेऊन गृहस्थ आमच्याकडे आले. आमच्या चेहऱ्यावरील जागरण त्यांनी ओळखले असावे. थोडे बोलणे झाल्यावर त्यांनी एका कागदी रुमालावर नकाशा काढला. दरी ओलांडून पश्चिमेस जावयाचे, राष्ट्रीय वनाच्या हद्दीत शिरल्यावर डांबरी रस्ता सोडावयाचा, लाकडी पुलानंतर डावीकडे वळावयाचे. “वीज नाही, टेलिफोन लागत नाही, तुमचा ट्रेलर लहान आहे म्हणून सांगतो,” असे म्हणून नकाशा आमच्या हाती देताना ते पुढे म्हणाले, “मात्र फार लोकांस सांगू नका.” आम्ही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत काय, हाच आजचा विषय आहे.

त्या जागेचे वर्णन आम्ही लांबविणार नाही. बारा-तेरा जागा, त्यांपैकी तीनच भरलेल्या. पाण्यास हातपंप. दराचे पैसे पाकिटात घालून लोखंडी पेटीत टाकावयाचे, घेणारा मनुष्य कोणी नाही. खालून ओढा वाहत होता. सायंकाळी सात वाजता जो अंधार पडला तो आम्ही लहानपणी कोकणात पाहिला होता, त्यानंतर पाहिला नव्हता. गंमत अशी की रात्रभर आमच्या ट्रेलरच्या पत्र्यावर ओकची फळे टपटप पडत होती. एखादे असे आदळे की सौभाग्यवती दचकून उठून बसत. घुबड ओरडत होते. ओढा तर क्षणभरही थांबला नाही. आणि सकाळी उठून आम्ही सर्वांनी एकमुखाने म्हटले की, असा शांत मुक्काम जन्मात घडला नव्हता.

येथे पहिला विचार सुचतो तो हा की, शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे. कायद्यास अर्थातच मोजमाप लागते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत गैरवाजवी आवाज करण्यास मनाई आहे, आणि यंत्राच्या आवाजास ५० फुटांवर ६० डेसिबेलची मर्यादा आहे. परंतु पत्र्यावर आदळणारे ओकचे फळ त्या मर्यादेत बसते की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. गॉर्डन हेम्प्टन नावाच्या एका ध्वनिमुद्रकाने २००५ साली वसुंधरादिनी वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात, होह नदीच्या पर्जन्यवनात, शेवाळलेल्या एका ओंडक्यावर तांबडा खडा ठेवला आणि ही एक चौरस इंच जागा शांततेची म्हणून जाहीर केली. पर्जन्यवनात पाऊस, पाखरे, नदी यांचा आवाज असतोच. त्याचा कटाक्ष होता तो माणसाने उत्पन्न केलेल्या आवाजावर, विशेषतः विमानांच्या. म्हणजे ज्या आवाजामागे कोणाची इच्छा नाही तो आपणांस बोचत नाही. ओढ्यास आम्हांस काही ऐकवावयाचे नव्हते. शेजाऱ्याच्या दूरदर्शनलाही खरे पाहता आम्हांस काही ऐकवावयाचे नव्हते, परंतु ते बंद करता आले असते. आणि बंद करता आले असते हे ज्ञानच झोप उडविते. याच न्यायाने आषाढात पालखीतळावर हजारो माणसे टाळमृदंगांच्या गजरात निजतात आणि त्यांपैकी कोणी गोंगाटाची तक्रार करीत नाही. तो आवाज त्यांचा स्वतःचाच असतो. शांततेचा शोध हा पुष्कळ अंशी दुसऱ्याच्या इच्छेपासून सुटण्याचा शोध आहे. हे एकदा कबूल केले म्हणजे तो शोध आम्ही समजतो तितका सात्त्विक आहे की काय, अशी शंका येऊ लागते.

दुसरा विचार सौभाग्यवतींच्या प्रश्नाचा. जो शांतता शोधावयास जातो तो आपल्याबरोबर काय घेऊन जातो? १९३० च्या सुमारास एमिलिओ माइनेके नावाच्या एका वनस्पतिरोगतज्ज्ञाने कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांखालची जमीन तपासली. हजार हजार वर्षे उभे असलेले वृक्ष. आणि त्यांच्या सावलीत प्रेमाने उतरणाऱ्या प्रवाशांच्या पायांनी आणि मोटारींच्या चाकांनी मुळांवरची माती दाबून घट्ट होत होती. झाड लगेच पडत नाही. मुळांस हवा-पाणी मिळेनासे होऊन ते हळूहळू खंगते. कोणी कुऱ्हाड चालविली नव्हती. माइनेकेने १९३२ साली तोड सुचविली ती अशी की, मोटारीने वाटेल तेथे जावयाचे नाही. एकेरी वळणाचा रस्ता, त्यास तिरप्या फुटलेल्या आखूड फाट्या, फाटीच्या टोकाशी मोटार उभी राहील, तिच्याजवळ ठरावीक जागी मेज आणि चूल, आणि मध्ये मोठे दगड. आज अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक तळ याच नमुन्याचा असतो, आणि रूझवेल्टच्या काळात बेकार तरुणांच्या पथकांनी असे तळ ठिकठिकाणी बांधले. ज्यास आपण रानातील मोकळीक म्हणतो ती अशी एका रोगतज्ज्ञाने आखून दिलेली आहे. आम्ही त्या ओढ्याकाठी जी फाटी पाहून ‘किती स्वाभाविक जागा’ म्हणून हरखलो, तीही अशीच आखलेली होती. ट्रेलर लहान हवा, असे वृद्ध गृहस्थ म्हणाले त्याचे कारणही हेच; जुन्या फाट्या जुन्या गाड्यांच्या मापाच्या आहेत आणि चाळीस फुटांचे घर तेथे वळतच नाही. माँटॅना राज्यातील ग्लेशियर उद्यानात डोंगर ओलांडून जाणारा जो प्रसिद्ध रस्ता आहे, त्याच्या मधल्या भागात २१ फुटांहून लांब वाहनास प्रवेशच नाही. मोटार आणि ट्रेलर यांची लांबी त्यात एकत्र धरतात, म्हणजे आमचे सतरा फुटांचे बिऱ्हाडही तेथे अडले असते. जेवढे ओझे कमी तेवढी शांतता अधिक, हा तेथे उपदेश नसून फुटांत मोजलेला नियम आहे.

आता मूळ प्रश्न. आम्ही परत आलो. पुतण्याच्या कचेरीतील स्नेही, आमचे येथील परिचित, ज्यांची मुले तिकडे आहेत असे पुष्कळ जण, सर्वांनी एकच विचारले: ती जागा कोठे आहे? सांगावे की न सांगावे?

विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ज्यांनी तीस वर्षे अध्यापन केले त्यांस ते केवळ ऐकीव राहत नाही. म्हणून कोणी काही विचारले असता ठाऊक असूनही न सांगणे हे आमच्या व्यवसायातील मोठे पाप आहे. रामानुजाचार्यांची कथा वाचकांस ठाऊक असेल. गोष्ठीपूर्ण गुरूकडे अठरा हेलपाटे घालून मंत्र मिळविला. तो कोणास सांगशील तर नरकात जाशील अशी तंबी होती. आणि आचार्य तिरुक्कोष्टियूरच्या देवळावर चढून तो सर्वांस मोठ्याने सांगते झाले. इतके लोक तरत असतील तर मी एकटा नरकात जाईन, असा त्यांचा हिशेब. ही कथा ऐकून ज्याचे मन भरून येत नाही असा मनुष्य आम्ही पाहिला नाही. परंतु मंत्र हजारांनी म्हटला तरी त्याचे सामर्थ्य कमी होत नाही. ओढ्याकाठच्या बारा जागा हजारांस सांगितल्या तर सांगण्याजोगे काही उरतच नाही. रामानुजांच्या औदार्याचे अनुकरण करू पाहणारा जो मनुष्य शांत जागेचा पत्ता देवळावरून ओरडून सांगेल, तो कोणासही तारणार नाही, आणि जागा मात्र बुडवील.

विद्वानांनी हा भेद आपल्या भाषेत मांडला आहे. गॅरेट हार्डिनने १९६८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सामाईक कुरणाचा नाश कसा होतो हे सांगताना राष्ट्रीय उद्यानांचेच उदाहरण घेतले: उद्याने सर्वांस खुली, लोकसंख्या वाढती, आणि योसेमिटीची दरी मात्र एकच. पुढे १९७६ साली फ्रेड हर्शने दाखविले की काही सुखे अशी असतात की त्यांचे मोल दुसऱ्यापाशी ती नसण्यावरच अवलंबून असते. संपत्ती वाढली तरी अशी सुखे वाढत नाहीत, फक्त त्यांच्यासाठीची रेटारेटी वाढते. शांत जागा ही या जातीची वस्तू आहे असे म्हटले म्हणजे न सांगण्याच्या बाजूस मोठा आधार मिळाल्यासारखे होते. आम्हीही काही दिवस हा आधार घेऊन ‘आता नेमका रस्ता आठवत नाही’ असे उत्तर देत होतो. कागदी रुमाल मेजाच्या खणात होता.

आमच्या या समाधानास पहिला तडा दिला तो वर्ड्‌स्वर्थने. ज्या कवीच्या आधाराने इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढ्यांनी डोंगर आणि सरोवरे यांवर प्रेम करण्यास सुरुवात केली, त्याने आपल्या सरोवर-प्रदेशाची एक मार्गदर्शिका लिहिली होती. १८१० साली ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि १८३५ पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या. म्हणजे पत्ता सांगण्याचे काम त्याने पंचवीस वर्षे केले. पुढे १८४४ साली केंडलहून विंडरमियरपर्यंत आगगाडी न्यावयाचे ठरू लागले, तेव्हा याच कवीने वर्तमानपत्रात पत्रे लिहून विरोध केला. गिरण्यांच्या गावांतील कामकरी लोक झुंडींनी येतील, आणि अशा सौंदर्याची गोडी पूर्वसंस्कारावाचून लागत नाही म्हणून त्यांस त्याचा लाभही होणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. १८४७ साली गाडी आलीच. वर्ड्‌स्वर्थचे भय अगदी निराधार होते असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु ती पत्रे वाचताना आम्हांस शरम वाटते, कारण त्यांतील युक्तिवाद आमच्याच मनातील आहे. पुस्तक विकत घेऊन जो येतो तो रसिक. तिकीट विकत घेऊन जो येतो ती झुंड. आपण शिडीने वर चढलो म्हणजे शिडी ओढून घ्यावी असे वाटते, आणि त्यास आपण निसर्गप्रेम म्हणतो.

दुसरा तडा अधिक खोल गेला. ज्या शेनंडोआ उद्यानात आम्हांस जागा मिळाली नाही, त्याच्या चार तळांपैकी सर्वांत लहान आणि बहुतेकांच्या मते सर्वांत निवांत असा लुइस माउंटन नावाचा तळ आहे. सुमारे तीस जागा. पुढे एका आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही तो पाहिला आणि त्याच्या लहानपणाचे आम्हांस फार कौतुक वाटले. घरी येऊन वाचले तो कळले की १९३९ साली तो तळ उघडला तो कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी निराळा म्हणून. व्हर्जिनियातील वर्णभेदाच्या रूढीस अनुसरून त्यांस इतरत्र उतरू द्यावयाचे नव्हते. हा भेद १९५० च्या सुमारास पूर्णपणे उठला. आज तेथे कोणीही उतरावे. पण ज्या लहानपणाने आम्ही सुखावलो तो लहानपणा कोणा शांतताप्रेमी माणसाने योजिलेला नव्हता. आणखी मागे गेले तर उद्यानच १९३५ साली स्थापन झाले ते त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे पाचशे कुटुंबांस हलवून. काही थोड्या वृद्धांस मरेपर्यंत राहू दिले. त्यांतील शेवटची बाई १९७९ साली वारली. तिकडे पश्चिमेस योसेमिटीच्या दरीत १८५१ साली शस्त्रधारी पथक शिरले आणि त्याने तेथील मूळच्या अहवानीची लोकांस हुसकावून लावले. त्यानंतर तेरा वर्षांनी ती दरी सर्व लोकांच्या विश्रांतीसाठी म्हणून राखून ठेवण्यात आली. एखाद्या ठिकाणी कोणी नाही याचा आनंद घेताना, तेथे कोणी का नाही, हे विचारावयाचे आपण विसरतो. आम्ही तर इतिहास शिकविणाऱ्यांच्या शेजारी बसून आयुष्य काढले, तरीही विसरलो.

तेव्हा सांगण्यात नाश आहे आणि न सांगण्यात अन्याय आहे. कांटने १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात घालून दिलेली कसोटी येथे लावून पाहण्याचा मोह आम्हांस झाला: जे तू करतोस ते सर्वांनीच केले तर चालेल काय? प्रत्येकाने पत्ता सांगितला तर शांत जागा उरणार नाही. प्रत्येकाने लपविला तर कोणासच ती सापडणार नाही. त्या वृद्ध गृहस्थांनी लपविला असता तर आमची दुसरी रात्रही मालमोटारींच्या घरघरीत गेली असती, आणि त्यांनाही तो कोणी तरी सांगितलाच असणार. दोन्ही वाटा कसोटीस उतरत नाहीत. विद्यार्थ्यांस ही कसोटी समजावून देताना आम्ही वचनभंगाचे सोपे उदाहरण घेत असू. ‘किती जणांस’ हा प्रश्न ज्या कर्माच्या पोटात आहे, तेथे ती कसोटी अडखळते, हे आम्हांस एका ट्रेलरने शिकविले.

यातून मार्ग काढण्याचा खरा प्रयत्न तिकडे ज्यांनी केला त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. अपलेशियन डोंगररांगेतून जाणारी पायवाट बेंटन मकाय याने १९२१ साली सुचविली. पुढे १९३१ पासून ब्लू रिजच्या माथ्यावरून १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटाररस्ता होऊ लागला आणि त्याने त्या पायवाटेचीच जागा घेतली. मकायने त्यास विरोध केला. तो विरोध करणारे आणि त्यांसारखे आणखी काही, यांनी १९३५ साली ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन केली, आणि तिच्या खटपटीने १९६४ साली अमेरिकेत अरण्यरक्षणाचा कायदा झाला. तो कायदा ज्याने मुख्यतः लिहिला तो हॉवर्ड झानाइझर, कायद्यावर सही होण्यापूर्वी चार महिने वारला. त्या कायद्याखालील अरण्यात कोणासही जाता येते. चाकांनी मात्र जाता येत नाही. येथे पत्ता लपविलेला नाही. नकाशे छापलेले आहेत. बंधन आहे ते ओझ्यावर आणि वाहनावर, आणि ते कायदा करणाऱ्यांवर आहे तेवढेच आमच्यावर आहे.

गुपित आणि नियम यांत हा मोठा भेद आहे. गुपित दुसऱ्यास बांधते आणि आपणांस मोकळे ठेवते. नियम ज्याने केला त्यालाही बांधतो. बारा जागांच्या तळावर बाराच गाड्या उतरतील, तेराव्याने परत जावे, हा नियम असेल तर पत्ता सर्वांस ठाऊक असूनही रात्र शांत राहू शकते. आणि तेरावे आम्ही असू तर आम्हीच परत फिरले पाहिजे. येथे कोणी म्हणेल की नियमही सर्वांस सारखा पडत नाही. ते खरे आहे. महिनोन्‌महिने आधी जागा राखून ठेवणे ज्यास आपल्या सुट्या आधी ठाऊक असतात त्यालाच जमते, आणि योसेमिटीसारख्या ठिकाणच्या जागा तर खुल्या झाल्याबरोबर काही मिनिटांत संपतात. मंगळवारी जा, शाळा सुरू झाल्यावर जा, हा जाणत्यांचा सल्लाही पेन्शनरास उपयोगी, कारखान्यात राबणाऱ्यास नव्हे. नियमाचे असे दोष दुरुस्त करण्याचे वाद चव्हाट्यावर तरी करता येतात. गुपिताविरुद्ध दाद मागावयास जागाच नसते.

एवढे सर्व खरे मानले तरी मान डोलावल्याचे काय? तर्काने सिद्ध झाले म्हणून दिलेला शब्द सुटत नाही. पुतण्याचे म्हणणे असे की, “काका, ते ‘कोणालाच सांगू नका’ म्हणाले नव्हते; ‘फार लोकांस’ म्हणाले.” मीमांसकांस शोभेल असा हा अर्थ आहे. परंतु थोडा विचार करता आम्हांस वाटू लागले की वृद्ध गृहस्थांच्या मनातही बहुधा तोच अर्थ होता. त्यांनी स्वतः ती जागा परक्या देशातील, परक्या रंगाच्या, एका रात्रीच्या शेजाऱ्यांस सांगितली होती. आमचा वर्ण, आमचे उच्चार, यांपैकी कशाकडे न पाहता त्यांनी पाहिले ते दोनच गोष्टींकडे: आम्ही रात्रभर झोपलो नव्हतो, आणि आमचा ट्रेलर लहान होता. गरज आणि ओझे. एवढ्या दोन गोष्टी पाहून ज्याला सांगता येईल त्याला सांगावे, एवढेच त्यांच्या शब्दांत आम्ही आज वाचतो. हे वाचन आम्हांस सोयीचे आहे, याची जाणीव आम्हांस आहे. अधिक कठोर वाचकाने आम्हांस दोष दिला तर आम्ही वाद घालणार नाही.

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या सहाध्यापकांचे पत्र आले. त्यांच्या पत्नीचे मोठे आजारपण नुकतेच सरले आहे. मेरीलँडमधील मुलीकडे ती दोघे जाणार आहेत, आणि जावयाने त्यांच्यासाठी एक लहान ट्रेलर भाड्याने ठरविला आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी संकोचाने विचारले होते, ‘आपण ती जागा पुन्हा आठवून पाहाल काय?’ आम्ही खणातून कागदी रुमाल काढला. त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या. त्याची स्वच्छ नक्कल केली, लाकडी पुलानंतरचे डावे वळण दोन वेळा अधोरेखित केले. विजेचे यंत्र नेऊ नये, हातपंपाचे पहिले पाणी तांबूस येते ते सोडून द्यावे, रात्री पत्र्यावर आवाज झाल्यास घाबरू नये, असे सर्व सविस्तर लिहिले. बाराही जागा भरलेल्या असल्यास वाट पाहत न थांबता परत फिरावे, हेही लिहिले. सौभाग्यवतींनी पत्र वाचले आणि म्हणाल्या, “सातव्या जागेचं लिहिलं नाहीत?”

सातवी जागा म्हणजे ओढ्याच्या वळणावरची, आमची. ती आम्ही लिहिली नव्हती. पत्र पाकिटात घालून झाले होते, तिकीटही लावले होते. आणि पाकीट पुन्हा फोडण्याइतके आमचे मन अद्याप मोठे झालेले नाही.